डावी बाजू, उजवी बाजू

आधी मूळ फोल्डरची प्रत काढून ठेवावी,
हे मला कुणी सांगितलं नाही.
म्हणून माझं पहिलं विमान
चिखलीच्या डोक्यावर, संध्याकाळी साडेसहाला,
काळं झालं.
रात्रीसारखं नव्हे, तव्यासारखं.
खिडक्याही काळ्या.
तरी उडत होतं बापडं,
इंजिनाची घरघर तीच,
त्याला थोडंच दिसत होतं स्वतःचं अंग.

सगळं पुसून पुन्हा बसवलं.
मग साचा उघडला.
पाठ एकीकडे, पोट एकीकडे,
शेपटी कोपऱ्यात, पंख सुटे,
वास्कोच्या बाजारात
इसवण चिरून पाटावर मांडतात तसं.
वर रिव्हेटांचा थर: त्याला हात लावायचा नाही.
त्याखाली धूर, तेल, पावसाचे ओघळ.
आणि या सगळ्या मळाच्याही खाली
एक रिकामा थर.
तेवढा माझा.

दिवसा मी खारीवाड्यावर
बर्फाच्या लाद्यांचा हिशेब ठेवते.
कितीही नीट लिहिलं तरी
संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी.
रात्री निळा शोधते.

आमची होडी निळी होती,
काठाला पिवळी पट्टी.
ती मालवणला विकली, तिथे तिला हिरवी केली,
नाव खरवडलं.
राग नाही. ज्याची होडी त्याचा रंग.
पण तो निळा नेमका कोणता,
फोटोत तर सगळंच करडं पडलंय.

रुझारला विचारलं. बायण्याच्या वाळूवर
चाळीस वर्षं होड्या रंगवतोय तो.
म्हणाला, डब्यातला निळा खोटं बोलतो, बाय.
लाकडावर सुकू दे, मग विचार त्याला.
माझ्याकडे लाकूड नाही.
मी आकडे बदलत गेले,
फाईल जतन, विमान बाहेर, सूर्य पुढेमागे:
दुपारी तो औषधाच्या बाटलीसारखा,
जुवारीवर ऊन कलताना
एकदाच, सातेक सेकंद, आमच्या होडीसारखा.
तिथेच थांबले.
पिवळी पट्टी ओढली. लाल अक्षरांत नाव घातलं.

लॅपटॉप घेऊन गेले त्याच्या शेडात.
टर्पेंटाईनचे हात शर्टाला पुसून
त्याने विमान गोल फिरवून पाहिलं.
कितें गो हें?
या बाजूला शेवंती.
आणि त्या बाजूला कुणाला शिवी दिलीस?

उजवीकडे माझं नाव उलटं उमटलं होतं,
वेलांट्या भलत्याच दिशेला वळलेल्या,
आरशातून कुणी हाक मारावी तसं.
दोन्ही बाजूंना एकच कातडं, मी म्हटलं,
एक रंगवली की दुसरी आपोआप.
तो हसला. काचेवर आतून पाट्या लिहिल्यात त्याने,
बोट पाण्यात बुडवून फळीवर
शेवंती उलटं लिहून दाखवलं,
एक मात्रा चुकली नाही.
पण त्याने काय होणार,
मग डावीकडची शिवी झाली असती.

बराच वेळ तो त्या ओल्या अक्षरांकडे बघत बसला.
ती सुकली.
नाव कशाला लिहितेस? तो म्हणाला.
मासा काढ.
मासा उलटा केला तरी मासाच,
दोन्हीकडून तोंड पुढेच.

घरी येऊन नावाचा थर बंद केला.
पुसला नाही, नुसता डोळा मिटला त्याचा.
शेपटीजवळ बांगडा काढला, पाठीवर नागमोडी रेघा,
पहाटेच्या उजेडात दाबोळीहून पश्चिमेला सोडला.
डावीकडून पाहिला. उजवीकडून पाहिला.
समुद्र दोन्हीकडे होता.

आज रुझारला दाखवला.
डोळा जरा मोठा झालाय, म्हणाला.

उद्या बारीक करते.